सिग्नलवर काटा वर, वर्धा रोडला लागली की खाली: जुनी एस्टीम

एस्टीम_०४: २००४ची मारुती एस्टीम, पेट्रोल, एमपीएफआय (इंजेक्शनवाली). दुपारी नागपूरच्या व्हेरायटी चौकात तीन-चार मिनिटं थांबलं की टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकून राहिला. एसी लावला की आणखी लवकर. वर्धा रोडला साठच्या वेगात काटा आपोआप खाली येतो. बाटलीतलं कूलंट पंधरवड्यात अर्धा ग्लास कमी होतं, तेवढं बोअरचं पाणी टाकतो. मेकॅनिक म्हणतो रेडिएटरच बदला. त्याआधी घरी काय तपासू?

पाना_दहाबारा: रेडिएटर चोक असता तर उलटं झालं असतं, हायवेवर आणि चढावर काटा वर गेला असता. पळताना थंड होते म्हणजे उभ्या गाडीला हवा मिळत नाही. आधी पंखा पाहा.

एसी बंद ठेवून गाडी न्यूट्रलला चालू ठेवा. काटा अर्ध्याच्या जरा वर गेला की पंखा लागलाच पाहिजे. नाही लागला तर इंजिन बंद करा, मोटरचा दोन वायरींचा प्लग काढा आणि बॅटरीवरून थेट करंट द्या. मधे २० अँपिअरचा फ्यूज हवाच. पंखा फिरला तर मोटर ठीक. मग फ्यूज, रिले, सेन्सर आणि बॉडीची अर्थिंग, याच क्रमाने. काडीने ढकलल्यावरच सुरू होत असेल तर मोटरमधले कार्बन ब्रश घासले.

फसगत होते ती हळू फिरणाऱ्या पंख्याने. दिसायला चालू, पण हवा ओढत नाही. ग्रिलसमोर पेपरचं एक पान धरा. चिकटून राहिलं पाहिजे.

कूलरची_जाळी: पंख्याचं बरोबर आहे, पण अर्धा ग्लास जातं कुठं तेही पाहा जी. नागपुरात साधं पाणी ९९ अंशाच्या आसपास उकळतं, रेडिएटरची ०.९ बारची कॅप दाब धरून असेल तर ११८च्या आसपास. कॅपचं रबर कडक झालं की तो सगळा फायदा गेला. गाडी थंड असताना कॅप काढा, रबर पाहा, नवी घेताना जुनीवर छापलेलाच आकडा घ्या. पाण्याच्या पंपाच्या पुलीखाली पांढरे-हिरवे डाग असतील तर पंपाचं सील गळतंय. त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आहे, पट्टा ढिला असेल तर पंपही मंद फिरतो.

बोअरचं पाणी आजपासून बंद. क्षार आत थर धरतात. थंड इंजिनमधून सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) तापेस्तोवर इंजिन चालू ठेवा, थंड करून पुन्हा काढा. स्वच्छ पाणी येईस्तोवर हेच. ब्लॉकमध्ये थोडं पाणी उरतंच, म्हणून तयार मिसळ भरू नका. मॅन्युअलमधल्या एकूण क्षमतेच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओता, वर डिस्टिल्ड. पुढची चाकं उंचावर घेऊन गाडी उभीच ठेवून कॅपशिवाय इंजिन चालू ठेवा, बुडबुडे थांबले की कॅप लावा.

सावरी: कोणी "उन्हाळ्यापुरता थर्मोस्टॅट काढून टाका" म्हणेल, ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप. सिग्नलचा त्रास त्यानं जात नाही, आणि थंडीत इंजिन नीट तापत नाही म्हणून पेट्रोल जास्त पितं. शंका असेल तर गंजात (पातेल्यात) पाणी तापवून थर्मोस्टॅट त्यात दोऱ्याने लटकवा. त्याच्यावर छापलेल्या अंशाला उघडायला लागला पाहिजे.

एसीचा कंडेन्सर (समोरची जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत सावरीचा कापूस अन् धूळ बसते, समोरून दिसतच नाही. इंजिनकडून बाहेरच्या दिशेनं साध्या पाइपनं धुवा. वॉशिंगवाल्याच्या गनने पत्र्या वाकतात.

एस्टीम_०४: थेट करंटवर पंखा फिरला, पेपरही चिकटला. पण मोटरचा प्लग एका पिनेपाशी वितळून काळा झालाय. नवा प्लग लावला की झालं ना, भाऊ?

पाना_दहाबारा: प्लग ढिला झाला की तापतो, हे एक. पण मोटरच जास्त करंट ओढत असेल तर नवाही जळेल. करंट नसताना पाती हातानं फिरवा. अडकत असेल, घरघर असेल तर मोटरच्या दांड्याचे बुश गेले, मोटरही सोबतच बदला. मोकळी फिरली तर नुसता प्लग, मात्र काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेस्तोवर मागं कापा. काळ्या तारेवर पिन दाबली तर महिन्यात तिथंच पुन्हा वितळते.