माक्याचं तेल: माका ओळखायचा कसा, तेल टिकवायचं कसं?

रानवाट: चिपळूणजवळ गावी आलेय. भाताच्या खाचरांच्या बांधावर, पाटाच्या ओलीत माका माजलाय. गेल्या वर्षी तेल केलं, पण महिन्याभरात त्याला आंबूस वास यायला लागला, सगळं ओतून द्यावं लागलं. फार हळहळले. तेव्हा खुडलेला तरी माकाच होता की एकदांडी, कोण जाणे. आजी असती तर तिलाच विचारलं असतं.

ओटीवरची काकू: अगं, आधी ओळख पक्की कर. एकदांडीचं फूल लांब दांड्यावर एकटं उभं असतं, मधे पिवळं. माक्याचं फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, पानाच्या बेचक्यात. पानं लांबट, समोरासमोर, हाताला खरखरीत. खरी परीक्षा तळहातावर. चार पानं चुरड आणि जरा थांब. रस हिरव्याचा काळपट होतो, नखांत बसला की लवकर निघत नाही. काळा पडला नाही तर टाकून दे.

तणनाशक मारलेल्या बांधावरचा घेऊ नकोस. सांडपाण्याच्या गटाराकाठचा तर मुळीच नको, आणि नेमका तिथेच तो सगळ्यात टवटवीत दिसतो.

चार वाट्या रस, एक वाटी खोबरेल किंवा तिळाचं तेल, पाव वाटी वाटलेला पाला. लोखंडी कढई मोठी घे, शेवटी फेस वर येतो. आच मंद. तळाचा पाला बोटांत वळून बघ, त्याची वात झाली पाहिजे. ती पेटव. तडतडली तर पाणी अजून आहे. तुझं तेल या पाण्यानंच गेलं बघ. बाटलीही खडखडीत कोरडी हवी.

वैद्य_सातारा: काकूंचं प्रमाण शास्त्रातलंच आहे: कल्क (म्हणजे वाटलेला पाला) एक, तेल चार, द्रव (इथे रस) सोळा. तेल आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. हे फक्त डोक्याला लावायचं. कुणी सांगितलं म्हणून रस पोटात घेऊ नका. केस पुंजक्यांनी गळत असतील तर तेलावर विसंबू नका, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या.

रानवाट: काकू, आज सकाळी खुडला. दोन्ही तळवे काळे झालेत! पण पाटीभर पाल्याचा रस तीनच वाट्या निघाला. पाणी घालून वाढवू?

ओटीवरची काकू: नको गं. तेल पाऊण वाटी घे, पाला त्याच मानानं कमी कर. आणि आजच कढव, रस रात्रभर ठेवू नकोस.