पॉइंट इलियट करार समजून घ्यायला सिएटलजवळ कुठे जावं? सल्ला हवाय

बॉथेलकर:
नमस्कार मंडळी, मुलीला शाळेत इथल्या मूळ रहिवाशांचे करार शिकवतायत, त्यात हा 1855 चा पॉइंट इलियट. रोज विचारते, जमीन देऊन टाकली तर मासे अजून त्यांचे कसे? नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा कुठेतरी घेऊन जावं म्हणतेय. सप्टेंबरात सासूसासरेही येतायत साताऱ्याहून. सुरुवात कुठून करू?

एव्हरेटची_सायली:
मुकिल्टिओपासून करा. 22 जानेवारी 1855 ला तिथेच सह्या झाल्या, सरकारकडून गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स आणि समोर चीफ सिएटल, ज्यांचं नाव शहराला आहे ते, आणि आजूबाजूच्या बऱ्याच जमातींचे प्रमुख. किनाऱ्यावर दीपगृह आहे, आजीआजोबांना निवांत बसता येईल. तिथनं टुलॅलिपला जा, हिबुल्ब कल्चरल सेंटर बघाच. ते म्युझियम तिथल्या ट्राइबचं, म्हणजे जमातीचं, स्वतःचं आहे आणि टुलॅलिप रिझर्व्हेशन (जमातीसाठी राखून ठेवलेली जमीन) याच करारातून आलंय, त्यामुळे त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. वेळा आधी बघून घ्या.

नदीकाठचा:
मुलीच्या प्रश्नाचं उत्तर करारातच आहे. नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी मासे धरायचा हक्क राहील, प्रदेशातल्या सगळ्या नागरिकांबरोबर, असं लिहिलंय. पुढे शंभर वर्षं राज्य सरकार अशा करारांतल्या लोकांना मासे धरले म्हणून अटक करत राहिलं, शेजारच्या 1854 च्या करारातल्या निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर 14 व्या वर्षी पहिल्यांदा पकडले गेले आणि नंतर पन्नासहून जास्त वेळा. शेवटी 1974 मध्ये केंद्राच्या कोर्टातले जज बोल्ट यांनी निकाल दिला की त्या जागांवरून जाणाऱ्या, धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा करारवाल्या ट्राइब्जचा. 1979 ला सुप्रीम कोर्टानेही तो मुख्यतः उचलून धरला.

बॉथेलकर:
खूप आभार. पण ऑफिसात एकजण म्हणाला ही स्पेशल सवलत आहे, बाकीच्यांवर अन्याय. काय सांगू त्याला?

नदीकाठचा:
सवलत अजिबात नाही, आणि हे शांतपणे पण ठाम सांगा. आपल्याकडे जमीन विकताना विहिरीतला हिस्सा आणि जायची वाट खरेदीखतात राखून ठेवतात ना, तसं आहे. घेणाऱ्याने ते दान दिलेलं नसतं, विकणाऱ्याने ते विकलेलंच नसतं. सुप्रीम कोर्टाने 1905 च्या विनान्स खटल्यात हेच म्हटलंय, की करारात हक्क दिले ते ट्राइब्जनी, त्यांना कोणी दिले नाहीत. सिएटल, एव्हरेट, बेलिंगहॅम ही सगळी जमीन त्या सह्यांमुळे मिळाली, आपली घरंही त्याच जमिनीवर आहेत. जमिनीपुरता करार खरा आणि माशांपुरता जुना कागद, असं कसं चालेल? अमेरिकेच्या राज्यघटनेत करार हा सर्वोच्च कायद्याचाच भाग आहे.

ऑलिंपिया_प्रशांत:
+1. आणि हे जुनं प्रकरण नाहीये. हायवेखालून ओढे नेणारे पाइप सॅमन माशांची वाट अडवतात म्हणून ट्राइब्ज कोर्टात गेल्या, 2018 ला सुप्रीम कोर्टात न्यायाधीशांची मतं 4-4 अशी सारखी पडली आणि खालचा निकाल कायम राहिला, म्हणून राज्याला ते पाइप बदलावे लागतायत. मासाच उरला नाही तर हक्काचं काय करायचं! सप्टेंबरात येतायत तर सिएटलच्या बॅलर्ड लॉक्सला (बोटी वरखाली नेणारे पाण्याचे दरवाजे) फिश लॅडर, म्हणजे माशांसाठीच्या पायऱ्या, दाखवा, खिडकीतून सॅमन चढताना दिसतात, मुलीला सगळं लगेच कळेल.

एव्हरेटची_सायली:
वेस्ट सिएटलचं डुवामिश लाँगहाउस, म्हणजे डुवामिश जमातीचं सांस्कृतिक केंद्र, तेही बघा. चीफ सिएटलनी ज्यांच्या वतीने सही केली त्यात डुवामिशही होते, पण आज डुवामिश ट्राइबला केंद्राची मान्यता नाही, अजून लढतायत. मान्यता असलेल्या काही ट्राइब्जचा याला विरोध आहे, तेव्हा मुलीला दोन्ही बाजू सांगा.

ऑलिंपिया_प्रशांत:
एक दिवस जास्त असेल तर ऑलिंपियाकडे निस्क्वालीचं वन्यजीव अभयारण्य, आता बिली फ्रँक यांच्याच नावाचं. 1854 चा मेडिसिन क्रीक करार त्याच परिसरात झाला. लाकडी वाट सपाट आहे, सासूसासऱ्यांना जमेल. भरती कधी आहे ते बघून निघा, पाणी चढल्यावर पक्षी जवळ येतात.