जिगसॉ पद्धतीत अडखळणाऱ्या मुलीच्या हातातला कागद हुशार मुलगा काढून घेतो. काय करावं?

सातपुड्यातला_मास्तर
नमस्कार. धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत सातवीला भूगोल शिकवतो. पट ३४. महाराष्ट्राची प्राकृतिक रचना जिगसॉ पद्धतीने घेतली. धड्याचे तुकडे पाच: किनारपट्टी, सह्याद्री, पठार, सातपुडा, नद्या. मूळ गटात प्रत्येक मुलाकडे वेगळा तुकडा. सारख्या तुकड्याची मुलं आधी तज्ज्ञ गटात बसून तयारी करतात, मग आपापल्या मूळ गटात परत येऊन बाकीच्यांना शिकवतात. इथपर्यंत ठीक चाललं.

अडचण मूळ गटात आली. वर्गातली बरीच मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. बाजारपेठेतली काही मुलं मात्र मराठी सफाईने बोलतात. एका मुलीकडे किनारपट्टीचा तुकडा होता. वर्गाबाहेर ही पोर रानातल्या प्रत्येक झाडाची माहिती सांगेल. पण 'खाडी' या शब्दाशी अडखळली, तशी शेजारच्या मुलाने तिच्या हातातला कागद ओढला आणि एका दमात सगळा वाचून टाकला. ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत बसली. दुसऱ्या गटांतही असंच दिसलं.

वरिष्ठ म्हणतात, अवघड तुकडे हुशार मुलांनाच द्या. मला ते पटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

भूगोलवाली
सर, एकाच तासिकेत उरकलंत का? ३५ मिनिटांत तज्ज्ञ गट आणि मूळ गट दोन्ही बसवले की घाई होते आणि घाईत वाचता येणाऱ्याचंच फावतं. जोडतासिका मागून घ्या. आणि ३४ मुलांचे सहा गट करा: चार गट सहा-सहांचे, दोन पाच-पाचांचे. सहाच्या गटात सर्वांत मोठा तुकडा दोघांकडे द्या. त्या तुकड्याची दहा मुलं होतील, त्यांचे पाच-पाचांचे दोन तज्ज्ञ गट करा. दहा जणांच्या घोळक्यात निम्मी मुलं तोंड उघडत नाहीत.

खडूचा_हात
मास्तर, तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. त्यावर ठाम राहा.

ही पद्धत नेमकी अशाच मुलांसाठी निघाली. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी पाहिलं, की शिक्षकाने प्रश्न विचारला की सगळे हात वर करतात आणि एकाला उत्तर आलं नाही की बाकीच्यांना आनंद होतो. म्हणून त्यांनी धडाच वाटून दिला. त्यांनी सांगितलेला कार्लोसचा प्रसंग तुमच्या वर्गातला वाटावा असा आहे. इंग्रजी ही त्याची दुसरी भाषा. जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा एक भाग त्याच्याकडे होता. तो अडखळला, मुलं टोमणे मारू लागली. गटाजवळच्या सहायकाने रागावण्याऐवजी एवढीच आठवण दिली, की थोड्याच वेळात परीक्षा आहे आणि हा भाग फक्त याच्याकडे आहे. मुलांनी टोमणे थांबवले आणि त्याला नीट प्रश्न विचारायला लागली. विचारता विचारता कार्लोस बोलता झाला.

तुमच्या वर्गात त्या मुलाला तिची गरजच उरली नाही, कारण छापील कागद मूळ गटात आला. मी कागद तज्ज्ञ गटातच ठेवून घेतो. मूल स्वतःच्या वहीत चार ओळी आणि एक चित्र काढतं, तेवढंच घेऊन परत जातं. दुसऱ्याची वही ओढून वाचून दाखवणं कुणाला जमत नाही. शेवटी पाचही तुकड्यांवर प्रत्येकाची वेगळी लेखी चाचणी. हे आधीच फळ्यावर लिहून ठेवायचं.

दुसरं, तज्ज्ञ गटात पावरीला पूर्ण मोकळीक द्या. किनारपट्टी त्या मुलीला खुशाल द्या, पण तिथे तिला आधी पावरीत समजू दे, मग तिच्याकडून मराठीत दोनदा म्हणवून घ्या. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत कुठवर शिरतं याचं चित्र वहीत असलं, की 'खाडी' म्हणताना बोट चित्रावर जातं आणि वाक्य पुरं होतं. माझा सगळा भर या तयारीवर असतो. तज्ज्ञ गट कच्चा राहिला, तर मूळ गटात चूकच शिकवली जाते.

केंद्रप्रमुखांनी विचारलं तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट स्लाविन यांनी या पद्धतीत पुढे केलेला बदल सांगा. त्यात अख्खा धडा सगळेच वाचतात, चाचणी एकेकट्याची होते आणि आधीच्यापेक्षा प्रत्येकाची जी प्रगती होईल तिचे गुण गटाला मिळतात. मग कच्च्या मुलाला पुढे नेण्यात गटाचाच फायदा असतो.

गणितवाला_७
भूगोलात छान, पण अपूर्णांकांची बेरीज अशी तोडू नका. छेद समान करणं एकाकडे आणि बेरीज दुसऱ्याकडे दिली, तर दुसरा पहिल्याशिवाय अडून बसतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्र समजला पाहिजे.

भूगोलवाली
अगदी. नद्यांच्या तुकड्यातही बघा सर, गोदावरी आणि कृष्णा पूर्वेला का वाहतात हे पठाराचा उतार कळल्याशिवाय सांगता येत नाही. ते एक वाक्य नद्यांच्या कागदावरही घाला.

सातपुड्यातला_मास्तर
सर्वांचे आभार. गुरुवारी जोडतासिका मिळाली आहे. कागद तज्ज्ञ गटातच राहील. नद्यांचा तुकडा नव्याने लिहितोय: पठाराच्या उताराचं वाक्य घातलं, आणि नर्मदा-तापी पश्चिमेला वाहतात हेही. नर्मदा आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरच आहे, काठावरच्या पाड्यांतली मुलं वर्गात आहेत, ती यात बोलतील. खडूचा_हात सर, एक विचारायचं राहिलं: चाचणी तोंडी घेतली तर चालेल का? काहींना लिहायला फार वेळ लागतो.

खडूचा_हात
चालेल, पण प्रत्येकाला त्याचा स्वतःचा तुकडा सोडून बाकीच्या चारांवर विचारा. गटाने खरंच शिकवलं का, ते तिथे कळतं.