ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांचं काय?

साठीनंतर बुद्धिमत्ता चाचणीचे गुण उतरतात म्हणजे बुद्धीच उतरते, असं काहीजण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. नवं कोडं झटपट सोडवायची बुद्धी मंदावते हे खरं, पण शब्दसाठा आणि अनुभवातून आलेली जाण बरीच वर्षं टिकते. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे हे दोन प्रकार वेगळे मांडले होते.

शिवाय या म्हणण्यात शिक्षणाचा मुद्दा सुटलाय. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या आजी घरी तेलुगू बोलतात, शाळा पाहिलेली नाही, जन्मभर विड्या वळल्या. पान पुरेसं भिजलंय का हे बोटांनीच ओळखतात, भिशीचा हिशोब तोंडपाठ. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत त्यांना मराठीतून प्रश्न विचारले आणि पंचकोन काढायला लावले! गुण कमी पडणारच. स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १९७५ सालच्या एमएमएसई या चाचणीत वाक्य लिहायचं असतं, आकृती उतरवायची असते. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप केलं गेलं. त्यात लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगतात. कुणाच्या आईवडिलांची तपासणी ठरली असेल तर त्यांचं शिक्षण आणि घरची भाषा डॉक्टरांना आधीच सांगा.