रात्री दहाचं जेवण: स्पेनमध्ये राहिलेल्यांनी अनुभव सांगा

मोहोर
भाची काल माद्रिदला पोचली. संध्याकाळी साडेसहाला फोन: "मावशी, कडकडून भूक लागलीय, आणि जिथे जावं तिथे स्वयंपाकघर साडेआठला सुरू होईल म्हणतात." ऐकलं आणि माझी व्हॅलेन्सियातली वर्षं डोळ्यांसमोर आली. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून हा धागा.

तिथे उपाशी कुणी राहत नाही, फक्त आपल्या आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. सकाळी कॉफी आणि टोस्ट. साडेदहाच्या सुमारास ऑफिसातली माणसं उठून खालच्या बारमध्ये. व्हॅलेन्सियात तर हा मधला नाश्ता म्हणजे सोहळाच: लांबलचक पाव, आत बटाट्याचं ऑम्लेट नाहीतर मांस, सोबत खारे शेंगदाणे आणि ऑलिव्ह. खरं जेवण दोन ते चार. सहाच्या आसपास थोडं तोंडात टाकायचं, त्याला मेरियेंदा म्हणतात. रात्री नऊनंतर हलकं. दुपारचं जेवण बुडवलं की दिवस हातातून गेलाच समजा.

तुम्ही कसं जमवलंत? भाचीला वाचायला देणार आहे.

तिखटमीठ
घड्याळाचाही यात मोठा हात आहे. १९४० साली, हुकूमशहा फ्रँकोच्या काळात, स्पेनने घड्याळं तासभर पुढे नेऊन मध्य युरोपाची वेळ धरली, ती आजतागायत. माद्रिद ग्रिनिचच्याही पश्चिमेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात घड्याळात दोन वाजतात तेव्हा सूर्य कुठे डोक्यावर येत असतो. सूर्याच्या हिशेबाने ते आपल्या आजोबांसारखे बारालाच जेवतात! जूनमध्ये सूर्यास्त पावणेदहाच्या सुमारास. इतक्या लख्ख उजेडात रात्रीचं जेवण कुणाला सुचणार?

शेवगा
अगदी. आम्ही गॅलिसियात होतो. तुईहून नदीवरचा पूल ओलांडला की पोर्तुगाल, घड्याळ एक तास मागे. पलीकडे आठला जेवायला मिळतं म्हणून मुलं खूश. पण तिकडचे आठ म्हणजे इकडचे नऊच ना! पोटाला फरक शून्य, गाडीत हसून हसून पुरेवाट.

चिंचगूळ
शाकाहारी असाल तर वेळेपेक्षा पदार्थाचा प्रश्न मोठा. भाचीला सांगा, दुपारी 'मेनू देल दिया' घ्यायचं: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. पण मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, हिरव्या शेंगांत हॅमचे तुकडे, मिश्र सॅलडवर टूना. "मांस नको" एवढं पुरत नाही, बऱ्याच ठिकाणी हॅम आणि टूना त्यात धरतच नाहीत. एकेक नाव घ्यायचं: सिन हामोन, सिन आतुन (हॅमशिवाय, टूनाशिवाय).
गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, निर्धास्त प्यावं. साल्मोरेखो (त्याचाच दाट प्रकार) मागवलं तर वरचं अंडं आणि हॅम नको म्हणून आधी सांगावं. सेव्हियात पालक-चणे आणि कोर्दोबात तळलेली वांगी मधाबरोबर, ही दोन तर आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं.

सुंठवडा
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लेकाची शाळा दोनला सुटायची (आम्ही सेव्हियात), घरी येऊन अडीचला जेवण. मग बागेत पाव आणि आत चॉकलेट. उन्हाळ्यात चौकात रात्री अकरालाही तान्ही बाळं बाबागाडीत आणि चारपाच वर्षांची पोरं चेंडू खेळतायत. सुरुवातीला माझा जीव वर-खाली व्हायचा. नंतर आमचाही तिथेच. आज्या-आजोबा बाकावर, सगळ्यांचं सगळ्यांच्या पोरांवर लक्ष.
शिट्टी झाली, येते.

पाऊलवाट
बाबा महिनाभर राहायला आले होते. त्यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाशी बांधलेल्या, म्हणून मला धास्तीच होती. डॉक्टरांशी आधी बोलून घेतलं आणि घरी साडेसातला वरणभात, बाहेर फक्त दुपारी, असं ठरवलं. भाचीकडे कुणी वडीलधारं जाणार असेल तर हे आधीच ठरवा.
आणि बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. बाबांना हे फार आवडलं, "कुणी उठवत नाही बघ" म्हणायचे.

माजघर
माझं सासर लेऑनचं. रविवारी अडीचला सगळे बसतात. टेबलावर पाव ताटाशेजारी थेट कापडावर ठेवलेला, त्याचे तुकडे मोडून रस पुसून घ्यायचा. सूप, मग मटण, मग फळं, मग कॉफी. ताटं उचलली तरी माणसं हलत नाहीत, सहा वाजले तरी गप्पा चालूच. सोब्रेमेसा. आपल्याकडे हात वाळेपर्यंत ताटावर बसतात ना, तसंच.

पहिली काही महिने मला ते बसणं सोसवायचं नाही, भाषा अर्धी कळायची. मग सांगलीत माझे वडील दवाखान्यात होते, त्या रविवारी कॉफीच्या वेळी आत्तेसासूबाईंनी विचारलं, बाबा कसे आहेत? मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत राहिले, रडले. चौदा माणसं, एकही जण उठला नाही. सासऱ्यांनी फक्त माझा कप पुन्हा भरला. त्यानंतर रविवार चुकवावासा वाटला नाही.

तिखटमीठ
@माजघर, वाचून गलबललं. बाबा बरे झाले ना?

माजघर
हो हो, आता खणखणीत आहेत. पुढच्या वर्षी इकडे येतायत.

काळा_मसाला
जरा वेगळं विचारतो. माद्रिदमध्ये तूरडाळ कुठे मिळते?

चिंचगूळ
लावापिएस भागात जा, भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत. हिंगही मिळेल. बार्सिलोनात असाल तर रावाल.

सुंठवडा
आले परत. बटाट्याच्या ऑम्लेटात कांदा घालायचा की नाही यावर तिथे घराघरांत दोन तट आहेत. आमचं घर कांदावाल्यांचं!

शेवगा
कांद्याशिवाय कसलं ऑम्लेट. बटाटा तेलात मंद शिजवायचा, लाल करायचा नाही, आणि मधोमध जरा ओलसर राहू द्यायचं.

काळा_मसाला
हिरवी मिरची चालेल का?

शेवगा
घाला की! फक्त शेजाऱ्यांना देताना आधी सांगा.