पेन्सिल स्केचमधला शेतकरी खरा का वाटत नाहीये?

कुदळ मारणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रिअलिस्टिक स्केच करतोय, ए३ साइज, फोटोवरून, स्केच सोबत जोडलंय. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनाच चार दिवस गेले आणि त्या जमल्यात पण, पण लांबून बघितलं की कुणीतरी शेतकऱ्याचे कपडे घालून उभं राहिल्यासारखं वाटतं. शिवाय ६बी (मऊ, गडद) पेन्सिलने भरलेला डार्क भाग उजेडात नुसता चमकतो. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १
चेहरा हाताने झाकून बघा. उरलेलं शरीर काम करतंय असं वाटतं का? मला तरी नाही वाटलं, कुदळीला वजनच नाहीये. खाली येणारी कुदळ माणसाला पुढं ओढते, भार पुढच्या पायावर जातो, मागची टाच सुटते, पाठ गोल होते, तुमच्या शेतकऱ्याचे दोन्ही पाय मात्र जमिनीला चिकटलेत. आणि बोटं प्लीज परत काढा, दांडा धरलाय की नुसता टेकवलाय तेच कळत नाही. सदऱ्याच्या चुण्या पण खांद्यापासून ओढल्या जायला हव्यात.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८५ मध्ये नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी असताना भाऊ थिओला नेमकं हेच लिहिलं होतं, की खणणाऱ्याचा फोटो काढला तर तो फोटोत खणत नसणार. तो तेव्हा आउटलाइनपासून सुरुवात न करता आधी धडाचे, मांड्यांचे गोल भरीव आकार मांडायचा, ही पद्धत फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाकडची. त्याची त्या उन्हाळ्यातली कापणी करणारी माणसं बघाच, चेहरे कित्येकदा दिसत पण नाहीत तरी कंबर दुखत असेल हे आपल्याला कळतं. कुणाला तरी खरंच वाकायला सांगा आणि दोन-दोन मिनिटांची वीस स्केचेस करा, मग फोटोकडे या.

प्रतिसाद ३
चमकण्याबद्दल सांगते. ग्राफाइटचे (पेन्सिलीच्या शिशाचे) कण चपटे असतात, जोरात दाबलं की ते एका पातळीत बसतात, कागदाचा खरखरीतपणा पण दबतो आणि आरसा होतो. हलक्या हाताने थर चढवा, सगळ्यात काळं हवंय तिथं चारकोल पेन्सिल, पण ती आधी, कारण ग्राफाइटवर ती नीट धरत नाही. व्हॅन गॉग हेगला असताना सुताराच्या पेन्सिलने काढायचा आणि चमक घालवायला चक्क दूध ओतायचा, त्याचा कागद जाड होता म्हणून चाललं. बोटाने घासणं थांबवा, रापलेली कातडी प्लास्टिकसारखी झालीये.

मूळ प्रश्नकर्ता
चेहरा झाकून बघितला, खरंच नुसता उभा आहे तो. नवीन कागद घेतोय, यावेळी पायांपासून सुरुवात.