कर्णबधिरांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं आहे, प्रशिक्षण कसं घ्यावं? (सल्ला हवा)

रानजाई:
नमस्कार. मी नाशिकला एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शनिवारी इथल्या एका कर्णबधिर शाळेत मदतीला जाते. शाळा सुटल्यावर या मुलांचं काय होतं ते तिथे कळायला लागलं. एखादा मुलगा घरात बसून राहतो, झोप जाते, चिडचिड वाढते. पालक डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर आईला विचारतात, आई उत्तरं देते, आणि ज्याला त्रास होतोय तो दोघांच्या तोंडाकडे बघत बसतो. मला या मुलांशी थेट बोलू शकणारी मानसशास्त्रज्ञ व्हायचं आहे.

आरसीआयच्या नोंदणीसाठी कोणता कोर्स धरावा? खुणांची भाषा कितपत यायला हवी, की दुभाषी घेऊन भागतं? इंग्लंड-अमेरिकेत यासाठी वेगळ्या सेवा आहेत म्हणतात, तर तिकडे शिकून यावं का? कॉलेजमध्ये यातलं सांगणारं कुणी नाही.

औदुंबर:
नोंदणीचं सांगतो. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याची. तिच्या रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.भोवतीच आहे. यूजीसीनं एम.फिल. बंद करायला घेतलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत दिली. त्यामुळे सगळं बदलाच्या काळात आहे. फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेला त्या वर्षाची मान्यता आहे ना, ते स्वतः पाहा. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका.

रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीचा पीजी डिप्लोमाही आहे, नोंदणी वेगळ्या वर्गात होते. अपंगत्वाच्याच क्षेत्रात राहायचं पक्कं असेल तर त्याचाही विचार करा. कर्णबधिरांच्या मानसोपचाराचा म्हणून वेगळा कोर्स आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही. ते कामातूनच घडवून घ्यावं लागतं.

मधली_खुर्ची:
मी मुंबईत आयएसएलची, म्हणजे भारतीय खुणांच्या भाषेची, दुभाषी आहे, दवाखान्यांतही जाते. दुभाषी घेऊन आज भागवावंच लागतं, पण तुम्ही तिथे थांबू नका. कोर्सचा प्रवेश होईल तेव्हा होईल, भाषा या आठवड्यात सुरू करा. ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मनातलं सांगायचं असतं, त्याला ते तिसऱ्याच्या हातून जावं लागतं. त्यातून कर्णबधिर समाज लहान. आज मी ज्याच्या सेशनमध्ये बसले, तोच मला उद्या कुणाच्या लग्नात भेटतो. गोपनीयता पाळू हो, पण त्याच्या मनातला संकोच माझ्या पाळण्यानं जात नाही.

तरी सुरुवातीला दुभाषी लागणारच, म्हणून काही गोष्टी. दुभाषी तुमच्या शेजारी, किंचित मागे बसवा, म्हणजे समोरच्याला तुम्ही दोघं एकत्र दिसता. खिडकी तुमच्या पाठीशी नको, उजेडात चेहरा आणि हात काळे पडतात. 'याला विचारा, झोप लागते का' असं माझ्याकडे बघून म्हणू नका. त्याच्याकडे बघून 'तुम्हाला झोप लागते का' असं विचारा. सेशनआधी आम्हाला दहा मिनिटं द्या, आज काय विचारणार आणि कशासाठी ते सांगा. नंतरही पाच मिनिटं द्या. घरच्या माणसाला दुभाषी करू नका. आई-बहिणीसमोर तो घराबद्दल काय सांगणार?

लिहायला मान खाली घातलीत की संभाषण तुटतं. ऐकणाऱ्या पेशंटपुढे नोंदी करत 'हं, पुढे' म्हणता येतं, इथे नाही. तसंच 'डोळे मिटा आणि मी सांगते तसं करा' हा रिलॅक्सेशनचा प्रकार इथे बिनकामाचा, कारण डोळे मिटले की सूचना बंद. आधी सगळं समजावून, करून दाखवून, खांद्यावर स्पर्शाची खूण ठरवून मग करावं लागतं. विचारांची डायरी लिहून आणायला सांगाल, तर मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे हे लक्षात ठेवा. चित्रं, मोबाइलवर स्वतःच खुणांत केलेला व्हिडिओ, हे जास्त चालतं.

आणि मान डोलावणं म्हणजे समजलं असं अजिबात धरू नका. शाळेत, घरात, बँकेत मान डोलावून वेळ मारून न्यायची सवय लहानपणापासून लागलेली असते. 'मी काय म्हणाले ते तुम्ही मला सांगा' असं विचारा.

शिकायचं कुठे? वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवण अपंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे आयएसएलचं प्रशिक्षण मिळतं. दिल्लीत आयएसएलआरटीसी हे आयएसएलचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ साली स्थापन झालेली. तिचा शब्दकोश व्हिडिओ रूपात खुला आहे, २०२१ च्या आवृत्तीत दहा हजार शब्द झाले. पण शब्द पाठ करून भाषा येत नाही. आयएसएलमध्ये 'कुठे', 'काय', 'का' वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवया, डोळे, ओठ हे व्याकरणाचा भाग असतात. हे न कळणारा डॉक्टर जोरकस खुणा पाहून 'पेशंट उत्तेजित आहे' असं लिहून मोकळा होतो. असे केसपेपर मी पाहिलेत, आणि ते पुढे वर्षानुवर्षं त्या माणसाच्या मागे राहतात.

पेनाइन्स:
मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आहे, तिथल्या सेवांचं सांगते. प्रौढ कर्णबधिरांसाठी इंग्लंडमध्ये एनएचएसचे खास आंतररुग्ण विभाग आहेत: लंडनला टूटिंगच्या स्प्रिंगफील्ड हॉस्पिटलात, बर्मिंगहॅमच्या बार्बरी केंद्रात, आणि मँचेस्टरजवळ प्रेस्टविचला जॉन डेन्मार्क युनिट. मुलांसाठी वेगळी राष्ट्रीय सेवा आहे, तिच्या मुख्य टीम यॉर्क, लंडन, डडली आणि टॉन्टनला. टीममध्ये ऐकू येणारे आणि कर्णबधिर असे दोन्ही कर्मचारी असतात. मुलांच्या टीममध्ये कर्णबधिर प्रौढ असणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कित्येक मुलांनी मोठा झालेला, नोकरी करणारा, संसार असलेला कर्णबधिर माणूस तोवर पाहिलेलाच नसतो.

इथे मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी बहुतेक जण आधी असिस्टंट म्हणून काम करतात, मग तीन वर्षांची डॉक्टरेट, मग एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेची नोंदणी. सोबत बीएसएलच्या, म्हणजे ब्रिटिश खुणांच्या भाषेच्या, पायऱ्या चढाव्या लागतात: लेव्हल १, २, ३ आणि पुढे ६. पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या प्रश्नावल्या बीएसएलमध्ये व्हिडिओ करून, रीतसर तपासून वापरतात. ऐनवेळी दुभाष्याकडून प्रश्न खुणांत करून घेतले तर ती चाचणी तीच राहत नाही, म्हणून हा खटाटोप.

पण शिकायला इकडे या असं मी सांगणार नाही. बीएसएल आणि आयएसएलची दोन हातांची मुळाक्षरं जवळची आहेत, तरी भाषा निराळ्या. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात क्लिनिकल सायकॉलॉजीची पीएच.डी. आहे, पण तिथे एएसएल, म्हणजे अमेरिकन खुणांची भाषा. काम नाशिकला करायचं असेल तर उमेदीची वर्षं आयएसएलला द्या. इथून घ्यायचं ते वाचून आणि जमल्यास थोडे दिवस पाहायला येऊन घेता येतं.

वाचनात पहिला विषय घ्या भाषावंचनाचा, म्हणजे लहानपणी कोणतीच भाषा पुरेशी न मिळण्याचा. दहातल्या नऊहून जास्त कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. श्रवणयंत्रातूनही पुरेसं ऐकू येत नाही आणि घरात खुणांची भाषाही नाही, अशी पहिली पाच वर्षं गेली तर पुढे काळाचा क्रम, कार्यकारण, भावनांची नावं, सगळंच अडखळतं. असा तरुण तुटक, उड्या मारत सांगतो आणि त्यावर विचारविकाराचा, म्हणजे गंभीर मानसिक आजारात विचारांची सुसंगती तुटण्याचा, शिक्का बसतो. हा फरक ओळखायला खुणांची भाषा तुम्हाला स्वतःला चांगली यावी लागते, आणि शेजारी एखादा अनुभवी कर्णबधिर सहकारी असावा लागतो.

पहाटवारा:
मला जन्मापासून ऐकू येत नाही. वरचं वाचून बरं वाटलं, म्हणून लिहिते.

आमच्या घरात सगळे जेवताना हसतात. मी विचारते काय झालं. 'काही नाही, नंतर सांगते.' ते नंतर येत नाही. घरच्यांचं प्रेम आहे, तरी हे रोजचं आहे. मी समुपदेशकाकडे गेले तेव्हा त्यांनी श्रवणयंत्र का लावत नाही हेच विचारलं. मी नवऱ्याशी होणाऱ्या भांडणाबद्दल बोलायला गेले होते. आमचं प्रत्येक दुःख कानाचं नसतं, एवढं शिकून या.

आयएसएल कर्णबधिर शिक्षकाकडून शिका आणि त्याला फी द्या. फुकट शिकवायला लावू नका.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहाटवारा, तुमचं लिहिणं मी वहीत उतरवून घेतलंय. अजून एक: आमच्या शाळेत मुलांच्या बुद्ध्यांकाचे जुने रिपोर्ट आहेत, बरेच ७० च्या खाली, म्हणजे मतिमंदत्वाच्या पातळीचे. मुलं तशी अजिबात वाटत नाहीत. याचं काय करायचं?

औदुंबर:
कोणती चाचणी लावली ते आधी पाहा. शाब्दिक भाग धरून आकडा काढला असेल, तर तो मराठी किती येतं याचा आकडा आहे. भाटिया बॅटरी किंवा रेव्हनच्या मॅट्रिसेस अशा शब्दांवर न विसंबणाऱ्या चाचण्या वापराव्यात, आणि सूचनाही मुलाच्या भाषेतच द्याव्यात, नाहीतर कृतीची चाचणीसुद्धा फसते. तुम्ही अजून विद्यार्थिनी आहात, स्वतः चाचणी करू नका. मुख्याध्यापकांना सांगून नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाकडून फेरतपासणी मागा. हे लांबणीवर टाकू नका, त्या आकड्यावर मुलाला पुढे काय शिकवायचं ते ठरतं.

मधली_खुर्ची:
फेरतपासणीला कुणी येणार असेल तर मला निरोप पाठवा. नाशिकला मी येईन, आणि चाचणीच्या सूचना आयएसएलमध्ये कशा द्यायच्या ते आधी त्या मानसशास्त्रज्ञांसोबत बसून ठरवू. मुलांची ओळख व्हावी म्हणून आदल्या दिवशी शाळेतही येते.

पहाटवारा:
रानजाई, मोठ्या शहरांत कर्णबधिरांच्या संघटना असतात, रविवारी लोक जमतात. २३ सप्टेंबरला जागतिक सांकेतिक भाषा दिनाचे कार्यक्रम होतात. शाळेतल्या कर्णबधिर शिक्षकांना विचारा, ते नेतील. पहिल्या दिवशी तुम्हाला काही कळणार नाही, सगळे भराभर बोलतील. चहा घ्या आणि बसा. हळू करा असं सांगितलं की आम्ही करतो.